जखमीकडे धावणारा दवाखाना : अत्यवस्थ रुग्णसेवेची पार्श्वभूमी

सोलापूरचे सिव्हिल हे केवळ एका जिल्ह्याचे रुग्णालय नाही. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी अशा शेजारच्या भागांतूनही अपघातातले जखमी, सर्पदंशाचे आणि विषबाधेचे रुग्ण सोलापुरात आणले जातात. पुणे–हैदराबाद महामार्ग शहराला लागूनच जातो. त्यामुळे ‘पेशंट सिरियस आहे’ म्हटल्यावर पुढच्या तासाभरात काय होते, हा इथल्या घराघरांचा प्रश्न आहे. त्या तासासाठीचे शास्त्र उभे राहायला दोनशेहून जास्त वर्षे लागली.

सुरुवात रणांगणावर झाली. फ्रेंच सैन्यातला शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे याने १७९२ साली जखमींना लढाई चालू असतानाच उचलून आणण्यासाठी हलक्या घोडागाड्या तयार केल्या. तोवर लढाई संपेपर्यंत जखमी जागीच पडून राहत. लारेने दुसराही नियम घातला : आधी उपचार कोणावर, हे हुद्द्यावरून नव्हे, जखमेवरून ठरेल. आजही कॅज्युअल्टीत रुग्णांचा क्रम त्याच तत्त्वावर लागतो.

या परंपरेतले एक मोठे नाव सोलापूरचेच आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. जपानी आक्रमणाच्या काळात त्यांनी आघाडीजवळच्या खेड्यांत, तुटपुंज्या साधनांवर, दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या. पुढे बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. भैया चौकातले त्यांचे घर आता स्मारक आहे. कोटणीसांची आठवण आपण भारत–चीन मैत्रीपुरती ठेवली, याची मला खंत वाटते. जखमी येण्याची वाट न पाहता त्याच्याजवळ जाऊन बसलेला डॉक्टर म्हणून ते आजच्या आपत्कालीन वैद्यकाचे पूर्वज आहेत.

‘आयसीयू’चा, म्हणजे अतिदक्षता कक्षाचा, जन्म मात्र युद्धात झाला नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ तीन दिवसांत दगावले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायला लावली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत सोडली. मुलगी वाचली. मग इतरांसाठीही तेच सुरू झाले, पण पिशव्या दाबणार कोण? सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, खाटेशी बसून त्या हातांनी दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. व्हेंटिलेटरचे काम त्याआधी माणसांच्या हातांनी केले होते, हे नातेवाइकांना आयसीयूच्या दाराबाहेर ताटकळताना कोणीतरी सांगायला हवे. आजही तिथला खरा आधार यंत्राइतकाच रात्रपाळीच्या सिस्टरचा असतो.

सोलापुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि सिव्हिलला शिकवणाऱ्या रुग्णालयाचे बळ मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेल्या अनेक जखमींना सोलापूरलाच आणावे लागले. त्याच वर्षी देशातल्या अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना मुंबईत स्थापन झाली. आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळायला मात्र २००९ उजाडले. महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका धावू लागली ती २०१४ मध्ये. तिच्यात डॉक्टर असतो, ही आपल्या राज्याची जमेची बाजू. तोवर जीप, टेम्पो, मिळेल ते वाहन हीच खेड्यातली रुग्णवाहिका होती.

अडसर केवळ वाहनाचा नव्हता, पोलिसांच्या भीतीचाही होता. एका जखमी स्कूटरस्वाराला रुग्णालयाने ‘पोलीस केस’ म्हणून दुसरीकडे पाठवले आणि तो वाटेतच गेला. त्यावरून चाललेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावले की, आधी जीव वाचवा, कागद नंतर. तरीही जखमीला उचलणाऱ्याच्या मागे लागणारा ससेमिरा संपला नाही. अखेर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. मदत करणाऱ्यावर आता नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याच्या हक्कांची सनद रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी स्थानिक भाषेत लावावी, असे २०२० चे नियम सांगतात. सोलापुरात ती मराठीइतकीच कानडी आणि तेलुगूतही लागली पाहिजे. जखमीला घेऊन येणारा यांपैकी कोणतीही भाषा बोलणारा असू शकतो.