डेक्कन कॉलेजातलं पुरातत्त्वाचं शिक्षण

पुण्यात येरवड्याला असलेलं डेक्कन कॉलेज ही भारतात पुरातत्त्व, म्हणजे बोलताना सगळे म्हणतात ती आर्किऑलॉजी, शिकायची बहुधा सगळ्यात नावाजलेली जागा. मूळ १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या पाठशाळेचं. टिळक, आगरकर इथेच शिकले. १९३४ ला सरकारने कॉलेज बंद केलं, माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ ला ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून परत उघडलं. १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे.

१९३९ मध्येच पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया इथे शिकवायला आले आणि या विषयाची खरी सुरुवात तिथून धरायची. लंडनला पीएचडी करताना ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या खोदकामावर काम करून आलेले, त्यामुळे चौकोनी ट्रेंच (खड्डे) पाडायचे, मधे न खोदलेल्या मातीची भिंत (बाल्क) ठेवायची आणि थराथराने खाली जायचं ही शिस्त इथे पहिल्यापासून. नाशिक, जोर्वे, नेवासे, नावडाटोली अशी एकामागून एक उत्खननं झाली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ ला लाल भांडी सापडली, वर काळ्या रंगाची नक्षी असलेली, आणि मग महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचंच नाव पडलं.

एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर येतो, त्यामुळे वर्गात इतिहासवाला, बॉटनीवाला, कधी इंजिनीअरसुद्धा असतो. प्रागितिहास, हडप्पा, नाणी, शिलालेख, मूर्तिशास्त्र हे सगळं पुस्तकातून होतं पण खरं शिक्षण फील्डवर. पहाटे उठून ट्रेंचवर जायचं, ट्रॉवेलने (छोट्या थापीने) माती खरवडायची, चाळायची, थर बदलला की माती रंगाने आणि हाताला लागते तशी ओळखायची, सेक्शनचं, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या भिंतीत दिसणाऱ्या थरांचं, ड्रॉइंग करायचं, आणि दुपारी पॉटरी यार्डात बसून खापरं धुवायची, नंबर टाकायचे. खापरांचा कंटाळा असणाऱ्याने या लाइनला येऊच नये, कारण निम्मा काळ त्यातच जातो.

डेक्कन कॉलेजचं वेगळेपण म्हणजे हाडं, बिया, माती, मानवी सांगाडे यांचे जाणकार एकाच आवारात. याचा फायदा काय ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावला दिसतं. घोड नदीच्या काठचं हे टेकाड १९६८ ते १९८३ पर्यंत खोदलं, म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या आसपासची वस्ती, शंभरावर घरं. लोक काय पिकवायचे (मुख्य पीक बार्ली म्हणजे जव), कुठली जनावरं खायचे हे जळक्या बिया आणि हाडांवरून निघालं. लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरायचे, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून त्यात. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले. का, तर मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून असावं असा एक अंदाज आहे, पटतो पण सिद्ध कसा करणार. आणि याला अपवाद एक, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला साधारण चाळिशीतला पुरुष, ज्याचे पाय शाबूत आहेत. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला गावचा प्रमुख मानलं. विद्यार्थ्यांनी इथे शिकायचं ते हेच, की पुरावा कुठे संपतो आणि आपला तर्क कुठून सुरू होतो.

हडप्पा संस्कृतीवरचं काम पुढे गुजरात आणि हरियाणात गेलं, हरियाणात फरमाणा आणि नंतर राखीगढी. राखीगढीच्या बऱ्याच सांगाड्यांचे नमुने तपासले तरी नीट डीएनए एकाच बाईचा मिळाला, त्यावरचा पेपर २०१९ ला आला आणि मग टीव्हीवर आर्य बाहेरून आले की इथलेच यावर जे काय महाभारत झालं ते पेपर न वाचताच झालं.

खोदायला पुरातत्त्व खात्याचं लायसन्स लागतं, कायदा १९५८ चा, म्हणून कुणी हौशी माणूस उठून गावची पांढरी (जुन्या वस्तीचं टेकाड) उकरू शकत नाही (माती मात्र शेतात टाकायला वर्षानुवर्षं नेतात, आणि टेकाडं त्यातच जातात). नोकऱ्या कमीच, पुरातत्त्व खातं, राज्याची खाती, म्युझियम, अध्यापन एवढंच. बरेच जण हल्ली हेरिटेज वॉक आणि डॉक्युमेंटेशनच्या कामांकडे वळतात.