थेंब पाजले ना, मग परत पोलिओची सुई कशाला?

दीड महिन्याच्या बाळाला पोलिओचे थेंब पाजतात आणि वर दंडात पोलिओचीच सुई पण देतात, मग आई विचारते, थेंब दिले ना, मग परत का टोचताय? प्रश्न अगदी बरोबर आहे.

थेंबांत व्हायरस जिवंत असतो, फक्त कमजोर केलेला. तो आतड्यात वाढतो आणि तिथेच पहारा बसवतो, त्यामुळे खरा पोलिओ आला तरी त्याला पुढे पसरायला वाव मिळत नाही, शिवाय डोस स्वस्त आणि पाजायला सोपा. पण जिवंत असल्यामुळे अगदी क्वचित, जगाचा हिशोब धरला तर साधारण 27 लाख डोसमागे एखाद्या बाळाला, लसीमुळेच लुळेपणा येतो. हे लपवू नये, सरळ सांगावं. कारण समोर काय होतं बघा, 2009 मध्ये भारतात पोलिओच्या 741 केसेस होत्या आणि खऱ्या पोलिओची लागण झालेल्या साधारण 200 जणांत एकाला कायमचा लुळेपणा येतो. 200 कुठे आणि 27 लाख कुठे! तेव्हा थेंबच बरोबर होते, मला यात जराही शंका नाही.

मग जानेवारी 2011 मध्ये हावड्याला खऱ्या पोलिओची भारतातली शेवटची केस झाली आणि हिशोबच फिरला, आजार गेला पण थेंबांचा धोका होता तेवढाच राहिला. त्यात पोलिओ व्हायरसच्या तीन प्रकारांपैकी खरा टाइप 2 तर 1999 नंतर जगात कुठेच दिसला नव्हता, तरी थेंबांत होता, आणि जिथे लसीकरण कमी तिथे लसीतला व्हायरस पोरापोरांत फिरत बदलतो, परत ताकदवान होतो, त्यात बहुतेक वेळा हाच टाइप सापडायचा. म्हणून एप्रिल 2016 मध्ये जगभर एकदमच तो थेंबांतून काढला.

मग टाइप 2 पासून बाळाला वाचवणार कोण, तर सुई. तिच्यात व्हायरस मेलेला, तिने पोलिओ होऊच शकत नाही. पण ती महाग, त्यात तेव्हा जगभर टंचाई, म्हणून भारताने अर्ध्या मिलीऐवजी 0.1 मिली कातडीत द्यायचं ठरवलं. असे दोन छोटे डोस एका पूर्ण डोसपेक्षा चांगलं संरक्षण देतात, हे मला खरंच भारी वाटतं.

थेंब अजून बंद केले नाहीत, कारण शेजारी पाकिस्तान-अफगाणिस्तानात पोलिओ आहे आणि आतड्यातला पहारा सुईने तितका बसत नाही. आणि सुई मिळालेल्या बाळाला थेंबांमुळे लुळेपणा येण्याचा तो छोटासा धोकाही आणखी कमी होतो.