कूर्शवेल म्हणजे इन्सब्रुक नव्हे

हिवाळा आला की विमानांच्या व्हिडिओंचा हा घोळ ठरलेलाच. बर्फाचे डोंगर, वाऱ्यात हेलकावे खात उतरणारं प्रवासी विमान, चाकं टेकणार एवढ्यात ते पुन्हा वर झेपावतं, आणि खाली मथळा: ‘आल्प्समधला जगातला सर्वांत धोकादायक विमानतळ, धावपट्टीला चक्क १८ अंशांचा चढ!’ व्हिडिओ ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विमानतळाचा, वर्णन फ्रान्समधल्या कूर्शवेलच्या धावपट्टीचं, आणि अंश कुठलेच नाहीत, ते टक्के आहेत. कधी कधी उलटं असतं: छोटं विमान डोंगराच्या चढावर टेकतंय आणि मथळ्यात ‘इन्सब्रुक, ऑस्ट्रिया’. दोन्हीकडे डोंगर दिसले की झालं, असा सगळा कारभार.

कूर्शवेल बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे ते पटकन उरकतो. फ्रान्समध्ये सावोआ भागातल्या स्की गावाजवळ, २००८ मीटर उंचीवर, ५३७ मीटरची धावपट्टी. उतरायचं चढाच्या दिशेने, उडायचं उताराच्या दिशेने. वारा कुठूनही येवो, यात बदल नाही. धावपट्टीचा चढ सर्वांत तीव्र जागी १८.५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की साडेअठरा मीटर वर. अंशांत सांगायचं तर साडेदहाच्या जवळपास. मोठ्या विमानतळांच्या धावपट्टीचा सरासरी उतार एक टक्क्याच्या आत राहावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो माहीत असेल तर साडेअठरा टक्के हा आकडा आहे तसाच पुरेसा भयंकर वाटतो, फुगवून अंश करायची गरज पडत नाही. मिशेल झिग्लेर या वैमानिकाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे विमानं उतरवायला सुरुवात केली, ‘एअर आल्प्स’ नावाची कंपनी काढली, आणि डोंगरउतारावरच्या अशा धावपट्ट्यांना ‘आल्टिपोर्ट’ म्हणायची फ्रेंच पद्धत रूढ झाली. बाकीचं तुम्ही व्हिडिओत पाहिलेलंच आहे.

आता किरकोळ फरक. इन्सब्रुक ऑस्ट्रियात, टिरोल प्रांताच्या राजधानीचा विमानतळ. शहराच्या मध्यापासून चारेक किलोमीटरवर, इन नदीच्या दरीच्या तळाशी. उंची ५८१ मीटर. धावपट्टी २००० मीटर, आणि सपाट. एअरबस ए-३२०, बोइंग ७३७ इथे रोजच्या सवयीने येतात. २०१९ मध्ये इथून अकरा लाखांवर प्रवासी गेले-आले. कूर्शवेलला आज छोटी खासगी विमानं आणि हेलिकॉप्टरं. तिथे स्कीइंगला जाणारा सामान्य माणूस जिनिव्हा, लियाँ किंवा शांबेरीला उतरून पुढे रस्त्याने जातो. देश वेगळा, आकार वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. हे कुणालाही नकाशा उघडून कळेल, त्यात माझा जीव अडकलेला नाही.

माझा जीव अडकतो तो एकाच प्रश्नात, आणि तोच सगळीकडे चुकवला जातो: उतरताना काही बिनसलं तर विमान परत वर जाऊ शकतं का?

कूर्शवेलला, एका ठरावीक टप्प्यानंतर, नाही. धावपट्टी चढत जाऊन वरच्या सपाट फलाटावर संपते आणि त्यामागे डोंगर. उतरण्यासाठी वेग कमी केलेलं, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) सोडलेलं विमान त्या चढापेक्षा जास्त तीव्रतेने वर चढू शकत नाही. म्हणून उतरायचं की नाही हा निर्णय धावपट्टीच्या बराच अलीकडे, समोर मोकळी दरी असतानाच घ्यायचा. तो टप्पा ओलांडला की उतरणं हाच एक मार्ग. त्यात डोळेही फसवतात. चढती धावपट्टी समोर असली की आपण आहोत त्यापेक्षा जास्त उंचावर आहोत असं वाटतं, आणि नवखा माणूस विमान खाली दाबतो. जे करायला नको नेमकं तेच. टेकल्यावरही गंमत संपत नाही: ब्रेक लावून थांबण्याऐवजी इंजिनाची ताकद वाढवावी लागते, नाहीतर विमान चढावर मध्येच अडकेल. यासाठी फ्रान्समध्ये वैमानिकाकडे डोंगरी उड्डाणाची पात्रता किंवा त्या विशिष्ट जागेची परवानगी असावी लागते. उपकरणांच्या आधाराने ढगांतून उतरायची सोय तिथे नाही. धावपट्टी डोळ्यांनी दिसली पाहिजे, दिवसाउजेडी.

इन्सब्रुकला याच्या बरोबर उलट. तिथली सगळी आखणी ‘परत वर जाता आलंच पाहिजे’ या एका अटीवर उभी आहे. धावपट्टी सपाट आणि रुंद, तिच्यावर उतरण्यात काही विशेष नाही. अवघड आहे ती धावपट्टीपर्यंतची हवा. पूर्वेकडून येणारं विमान सुमारे ४५ किलोमीटर आधी, राटेनबर्ग गावाच्या परिसरात दरीची रेषा धरतं आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून टप्प्याटप्प्याने उतरत येतं. उत्तरेला नॉर्डकेटचा कडा, दक्षिणेला पाचरकोफेल आणि त्याचे भाऊबंद. दोन्हीकडचे डोंगर विमानतळाहून दीड किलोमीटर आणि त्याहून अधिक उंच.

अशा दरीत उतरणं जमतंच. आखणी करणाऱ्याला झोप येत नाही ती पुढच्या प्रश्नाने: उतरता उतरता धावपट्टी दिसलीच नाही, आणि त्याच क्षणी एक इंजिनही बंद पडलं, तर? दोन इंजिनांच्या विमानातलं एक गेलं की ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता निम्म्याहून कितीतरी जास्त घटते, कारण उरलेल्या ताकदीतली बरीचशी नुसतं हवेत टिकून राहण्यातच खर्च होते. साध्या विमानतळावर उतरणं रद्द करून वर जाताना अडीच टक्क्यांनी चढता आलं तरी भागतं, कारण पुढे मोकळं मैदान असतं. इन्सब्रुकला पुढे दरी वळते आणि बाजूला खडक आहे. तेवढ्या चढाईवर भागत नाही.

मग करायचं काय? निर्णय वर उचलायचा. मैदानी विमानतळावरच्या नेहमीच्या उपकरणी पद्धतीत जमिनीपासून साठेक मीटरवर येईपर्यंत धावपट्टी दिसली नाही तरी चालतं. तिथे ठरवा, वाटल्यास वर जा. इन्सब्रुकच्या पारंपरिक पद्धतीत हा निर्णय जमिनीपासून शेकडो मीटर वर आणि धावपट्टीच्या कितीतरी अलीकडे घ्यावा लागतो, कारण तिथून पुढे आजारी विमानाला दरीत वळून बाहेर पडायला जागा उरत नाही. म्हणूनच मैदानातल्या माणसाला ‘ढग आहेत, पण एवढेही खाली नाहीत’ असं वाटणाऱ्या दिवशी इन्सब्रुकचं विमान वळवलं जातं. लोक कंपनीला शिव्या घालतात, पण ढगांची उंची त्या निर्णयाच्या उंचीपेक्षा कमी होती, एवढाच हिशेब असतो. पुढे उपग्रहांच्या आधाराने वळणदार मार्ग आखणाऱ्या पद्धती आल्या. त्यात विमान डोंगरांमधून कंप्युटरने आखलेली बारीक वाट धरून येतं, आणि परत जायची वाटही तितकीच बारीक आखलेली असते. त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघांनाही वेगळी मान्यता लागते, आणि सिम्युलेटरवर हा विमानतळ घोटून घेतल्याशिवाय कंपन्या कॅप्टनला इथे पाठवत नाहीत.

तेव्हा इन्सब्रुकच्या व्हिडिओत विमान शेवटच्या क्षणी वर गेलं की त्याला ‘थोडक्यात बचावलं’ म्हणणं मला सहन होत नाही. ते बचावलं नाही, त्याने ठरल्याप्रमाणे केलं. वाटेत शंका आली, वैमानिकाने इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा पुढे सारला, विमान वर गेलं, फेरी मारून पुन्हा आलं किंवा म्युनिकला गेलं. काळजी करावी ती परत वर न जाणाऱ्या विमानाची. हाच व्हिडिओ कूर्शवेलचा म्हणून फिरवणाऱ्याला तर एक गोष्ट कळायला हवी: कूर्शवेलला ते विमान असं वर जाऊच शकलं नसतं. व्हिडिओ कुठला, हे त्या एका हालचालीतच ठरतं.

हवामानाच्या बाबतीतही दोघांची गाठ उलटी बसते. कूर्शवेलला ढग आला की दुकान बंद. इन्सब्रुकला ढग चालतात, ठरावीक उंचीच्या वर असेपर्यंत. तिथला खरा शत्रू पुष्कळदा निळ्याभोर आकाशात येतो. त्याचं नाव फ्योन. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडणारा वारा ब्रेनर खिंडीतून, म्हणजे सुमारे १३७० मीटरवरून, विप्टालच्या दरीत घुसतो आणि उतारावरून घसरत थेट इन्सब्रुक शहरावर येतो. उतरताना दर १०० मीटरला साधारण एक अंशाने तापत, कोरडा होत. तासाभरात पारा चढतो, बर्फ वितळायला लागतं, डोंगर हाताला लागतील इतके जवळ दिसतात. पर्यटक कॅमेरे काढतात आणि वैमानिक पट्टे आवळतात. हा वारा समोरच्या नॉर्डकेटवर आदळून पूर्व-पश्चिम फाकतो, आणि विमानाची उतरायची वाट नेमकी या भोवऱ्यांमधून जाते.

वारा पूर्वेकडून असला की आणखी एक कसरत. पूर्वेकडून आलेलं विमान धावपट्टीवर न उतरता तिच्या बाजूने पुढे पश्चिमेला जातं, त्सिर्ल गावाच्या बाजूला दरीतच वळतं, आणि उलट दिशेने येऊन उतरतं. खिडकीतून डोंगराची झाडं मोजता येतील असं वाटतं ते याच वळणावर. तेही डोळ्यांनी पाहत, नेमून दिलेल्या वाटेने केलेलं वळण आहे. ‘पायलटने जिवावर उदार होऊन’ वगैरे लिहिणाऱ्यांनी हे वाक्य कुठल्या तरी युद्धकथेसाठी राखून ठेवावं.

आता इतिहास, कारण तोही याच फरकाकडे बोट दाखवतो. इन्सब्रुकचा पहिला विमानतळ १९२५ मध्ये शहराच्या पूर्वेला रायशेनाउ इथे सुरू झाला. आजच्या जागी, पश्चिमेच्या क्रानेबिटनला, तो १९४८ मध्ये आला. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकने त्याचा विस्तार घडवला. ते ऑलिंपिक ९ फेब्रुवारीला संपलं आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला लंडनहून आलेलं ब्रिटिश ईगल कंपनीचं ब्रिस्टल ब्रिटानिया विमान ढगांत, किमान सुरक्षित उंचीच्या खाली उतरलं आणि ग्लुंगेत्सर डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ८३ जण गेले, त्यांत बहुतेक सुट्टीला निघालेले. धावपट्टीचा या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता. विमान तिच्यापर्यंत पोहोचलंच नाही. कूर्शवेलचे अपघात धावपट्टीवर होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक छोटं विमान उतरताना पुढे जाऊन बर्फाच्या ढिगात घुसलं, तसे. एका ठिकाणी शेवटचे काही सेकंद जोखमीचे, दुसऱ्या ठिकाणी त्याआधीची काही मिनिटं.

दोघांना जोडणारा एक दुवा मात्र खरा आहे, आणि तो मला आवडतो. डॅश ७ नावाचं चार इंजिनांचं, पन्नासेक आसनांचं, आखूड जागेत उतरणारं पंख्याचं विमान दोन्हीकडे उतरलेलं आहे. १९८० मध्ये टिरोलियन एअरवेजने याच विमानावर इन्सब्रुकहून नियमित सेवा सुरू केली. चार इंजिनं असल्याने एक गेलं तरी दरीतून वर चढायची ताकद उरायची, म्हणजे वर सांगितलेल्या अवघड प्रश्नाला लोखंडी उत्तर. ही कंपनी उभी करण्यात स्वारोव्स्की घराण्यातले गेर्नोट लांगेस-स्वारोव्स्की होते. युरोप टूरवर वाटेन्सच्या स्वारोव्स्की स्फटिक प्रदर्शनात तासभर घालवणाऱ्या आपल्या मंडळींना हे कुणी सांगत नाही. ती तिथे येतात बसने, जातात बसने, आणि वीसेक किलोमीटरवरच्या विमानतळाचं तोंडही पाहत नाहीत.

तुम्ही मात्र विमानानेच इन्सब्रुकला जाणार असाल, तर दोन सूचना. पूर्वेकडून सरळ उतरणार असेल तर नॉर्डकेट उजव्या खिडकीत येतो. डावीकडे बर्गिझेलची स्की जंप दिसते, पण माझं मत उजवीलाच. आणि फ्योनचा अंदाज असलेल्या दिवशी पुढची ट्रेन किंवा बस घट्ट वेळेत बांधू नका. विमान म्युनिक किंवा साल्झबर्गला वळलं तर तिथून बसने आणतात, आणि रस्ता मोकळा असला तरी त्यात दोनेक तास जातातच.