प्रकाश रेणूत मुरतो की नुसता चाटून जातो? फ्लुरोसन्स आणि रामन परिणाम

दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पदार्थ चेपून त्यावर प्रचंड दाब देणारं, मुठीत मावेल एवढं एक उपकरण असतं. त्यात नमुन्याशेजारी माणकाचा एक बारीक कण ठेवतात. दाब द्यायच्या आधी त्यावर ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा लेझर सोडला आणि परत येणारा प्रकाश वर्णपटमापीत, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, घेतला, तर हिरव्याखेरीज दोन ठळक खुणा दिसतात. एक ५७३ नॅनोमीटरच्या आसपास, पिवळ्या भागात. दुसरी ६९४ च्या जवळ, गर्द तांबड्यात. पहिली हिऱ्याची, दुसरी माणकाची. दोन्हीकडे गेला हिरवा प्रकाश आणि आला वेगळ्याच रंगाचा. मग दोन्ही घटना एकच का म्हणू नयेत?

आता फक्त लेझर बदला. हिरव्याच्या जागी ४८८ नॅनोमीटरचा निळा लावा. हिऱ्याची खूण लगेच जागा सोडून ५२२ वर येते, म्हणजे पिवळ्यातून हिरव्यात. माणकाची खूण मात्र तसूभरही हलत नाही, ती ६९४ लाच ठाण मांडून असते.

माणकाची खूण फ्लुरोसन्सची, हिऱ्याची रामन परिणामाची; दोघांतला सगळा फरक या एका प्रयोगात आहे. फ्लुरोसन्समध्ये बाहेर येणारा रंग पदार्थ ठरवतो; आत कुठला रंग गेला याची त्याला फारशी फिकीर नसते. रामनमध्ये पदार्थ ठरवतो तो फरक, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेतली तफावत. हिऱ्यासाठी ती तफावत १३३२ आहे, आणि तिचं एकक म्हणजे तरंगसंख्या: एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा मावतात तो आकडा. लेझर कुठलाही लावा, हे १३३२ कायम. नॅनोमीटरमध्ये मोजलं तर अंतर बदलताना दिसतं आणि गोंधळ वाढतो, म्हणूनच रामनची मोजमापं तरंगसंख्येत करतात.

हे असं का होतं? फ्लुरोसन्समध्ये पाहुणा घरात येतो, बसतो, पाणी पितो आणि मग निघतो. रेणू फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, खरोखर शोषून घेतो, त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. तिथे पोचल्यावर रेणू थोडी ऊर्जा कंपनांच्या रूपात आजूबाजूला सांडतो, हे काम काही पिकोसेकंदांत उरकतं. मग त्या वरच्या मजल्याच्या तळाशी तो काही नॅनोसेकंद, म्हणजे त्याच्या साधारण हजारपट वेळ, रेंगाळतो आणि उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. कितीही उंचावरून सुरुवात केली तरी आधी घसरून त्याच तळाशी यायचं आणि तिथूनच उडी मारायची. म्हणून बाहेरचा रंग ठरलेला.

रामनमध्ये पाहुणा घरात येतच नाही. उंबऱ्यावरून पुढे जाता जाता काय देणंघेणं व्हायचं ते होतं. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रामुळे रेणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग हेलकावतो. रेणूही आपल्या लयीत कंप पावत असतो आणि त्या कंपनासोबत हा ढग कधी सहज हलतो, कधी जड. त्यामुळे विखुरणाऱ्या प्रकाशावर कंपनाचा ठसा उमटतो. प्रकाश एका कंपनाएवढी ऊर्जा रेणूला देऊन निघतो किंवा, रेणू आधीच कंप पावत असेल तर, तेवढी घेऊन निघतो. यात शोषण नाही, मुक्काम नाही. पुस्तकांत ‘आभासी पातळी’ नावाची तुटक रेघ काढलेली असते. ती आकडेमोडीच्या सोयीसाठी आहे, रेणू तिथे थांबतो असं समजू नये. ‘रामन परिणामात रेणू प्रकाश शोषून पुन्हा सोडतो’ हे वाक्य लोकप्रिय लेखांत इतक्यांदा येतं की ते खरंच वाटू लागतं. ते चूक आहे, आणि ही चूक किरकोळ नाही. तिथेच दोन घटनांची सरमिसळ सुरू होते.

नावांनीही या गोंधळात भर घातली आहे. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी सूर्यप्रकाशाचा लोलकाने वर्णपट पाडला आणि क्विनाइनच्या द्रावणाची नळी त्यातून हळूहळू सरकवत नेली. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ती नळी निळी उजळली. या घटनेला फ्लुरोस्पार या खनिजावरून त्यांनी फ्लुरोसन्स हे नाव दिलं. बाहेरचा प्रकाश आतल्यापेक्षा लांब तरंगलांबीचा असतो, हा त्यांचा नियम. पुढे रामन वर्णपटात ऊर्जा गमावून आलेल्या रेषांनाही ‘स्टोक्स रेषा’ हेच नाव चिकटलं. रामन परिणामाचा शोध लागला तेव्हा स्टोक्स हयातही नव्हते.

खुद्द शोधाची गोष्टसुद्धा याच गोंधळातून गेली आहे. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये १९२३ साली सी. व्ही. रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन पाण्यातून विखुरलेला सूर्यप्रकाश तपासत होते. पद्धत साधी आणि देखणी होती. येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत एका रंगाची काच आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे त्या रंगाला पूर्ण अडवणारी दुसरी काच. रंग बदलला नसेल तर अंधार दिसायला हवा. पण अगदी पुसटसा उजेड येत होता. त्यांनी तो पाण्यातल्या अशुद्धीचा ‘क्षीण फ्लुरोसन्स’ मानला, पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, तरी तो उजेड जाईना. अशुद्धी काढून टाकूनही टिकणारी चमक अशुद्धीची कशी असेल? हा प्रश्न सी. व्ही. रामन यांच्या मनात पाच वर्षं घोळत राहिला. १९२८ च्या सुरुवातीला त्यांचे सहकारी वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमध्ये हाच प्रकाश चांगला ठळक आणि ध्रुवित, म्हणजे ठरावीक दिशेने डोलणारा, दिसला. मग के. एस. कृष्णन यांच्यासोबत रामन यांनी एकामागून एक द्रव तपासले आणि परिणाम सगळीकडे सापडत गेला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून पाहताना बदललेला रंग मूळ रंगापासून काळ्या पट्टीने वेगळा झालेला दिसला. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरल्यावर तर रेखीव रेषाच उमटल्या.

ध्रुवणाला एवढं महत्त्व का, हे जरा थांबून बघायला हवं. पाण्यासारख्या पातळ द्रवात छोटा रेणू एका नॅनोसेकंदात कितीतरी गिरक्या घेतो. फ्लुरोसन्समध्ये तो तेवढा वेळ थांबत असल्याने, कुठल्या दिशेने डोलणारा प्रकाश आला होता ही आठवण पुसली जाते. रामनमध्ये गिरकी घ्यायला सवडच नसते, म्हणून दिशा बऱ्याच अंशी टिकते.

चमकेच्या जोरात मात्र दोघांची बरोबरी नाही. चांगल्या फ्लुरोसंट रंगद्रव्याचा रेणू शोषलेल्या जवळपास प्रत्येक फोटॉनमागे एक फोटॉन परत देतो. रामनमध्ये विखुरलेल्या सुमारे कोटीभर फोटॉनांपैकी एखादाच रंग बदलून येतो. म्हणून नमुन्यात फ्लुरोसंट अशुद्धी किंचित जरी असली तरी रामनच्या रेषा तिच्या झगमगाटात बुडून जातात. यावर उपाय म्हणून ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर वापरतात. त्याच्या फोटॉनांत बहुतेक रेणूंचा इलेक्ट्रॉन वर चढवण्याइतकी ताकद नसते, त्यामुळे फ्लुरोसन्स सुरूच होत नाही. रामनला चढण्याची गरजच नाही, तो होतोच.

उलटा त्रासही होतो. फ्लुरोसन्स मोजताना ३५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरला की वर्णपटाच्या आलेखात ३९७ जवळ एक उंचवटा येतो आणि नवखा संशोधक तो आपल्या रंगद्रव्याचा समजतो. तो निव्वळ पाण्याचा रामन असतो. खात्री करायला तरंगलांबी ३७० करावी. उंचवटा ४२३ कडे सरकला तर तो पाण्याचा. याच उंचवट्याची उंची पाहून उपकरण किती संवेदनशील आहे हेही ठरवतात.

दोघांचे उपयोग स्वभावाप्रमाणेच वेगळे आहेत. ‘कुठे आहे?’ हे विचारायचं असेल तर फ्लुरोसन्स. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळं केलेलं हिरवं प्रथिन हव्या त्या प्रथिनाला जोडलं की जिवंत पेशीत ते कुठे फिरतंय ते नुसतं बघत बसायचं. एकेकटा रेणूही असा टिपता येतो. पण चमकेचे पट्टे रुंद आणि बोथट असतात, रेणूची बारीक ओळख त्यातून पटत नाही. ‘काय आहे?’ हे विचारायचं असेल तर रामन. त्याच्या अरुंद रेषा म्हणजे रेणूच्या अंगठ्याचा ठसा. पारदर्शक वेष्टन न फोडता गोळीतलं औषध ओळखता येतं, जुन्या चित्राचा कणही न खरवडता त्यातलं रंगद्रव्य सांगता येतं.

दोघांमधली भिंत सगळीकडे सारखी जाड नाही. लेझरचा रंग रेणूच्या शोषणाच्या रंगाजवळ नेला की रामन कित्येक पटींनी वाढतो आणि फ्लुरोसन्सही अंगावर येतो. तिथे कुठून कुठवर काय, हे वेळ मोजूनच ठरवावं लागतं. माणकासारख्या खनिजाची चमक तर काही मिलिसेकंद टिकते, तिला नुसतं फ्लुरोसन्स म्हणावं का यावरही मतं आहेत.

मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर या दोघांना वेगळं ठेवण्याच्या दोन युक्त्या शेजारी शेजारी आहेत. सुपरकॅम नावाचं उपकरण हिरव्या लेझरचा स्पंद सोडतं आणि कॅमेऱ्याचं दार क्षणभरच उघडतं. रामन तेवढ्यात आत येतो, खनिजांची रेंगाळणारी चमक बाहेर राहते. शर्लॉक नावाचं दुसरं उपकरण २४८.६ नॅनोमीटरचा खोल अतिनील लेझर वापरतं. एवढ्या छोट्या तरंगलांबीला रामनच्या रेषा लेझरच्या अगदी जवळ, साधारण २७५ च्या आत आटोपतात. सेंद्रिय रेणूंची चमक बहुतांशी त्याच्या पलीकडे सुरू होते. त्यामुळे एकाच वर्णपटात डावीकडे रामन, उजवीकडे फ्लुरोसन्स, आणि दोन्ही एकमेकांना न झाकता वाचता येतात.