‘जोशुआ’ पाहून २०१९ कळत नाही

हाँगकाँगच्या आंदोलनांविषयी बोलताना २०१४ आणि २०१९ यांची सर्रास गल्लत केली जाते, आणि तिचे मूळ बहुधा ‘जोशुआ: टीनेजर व्हर्सेस सुपरपॉवर’ या २०१७च्या माहितीपटात असते. नेटफ्लिक्सवर तो अनेकांनी पाहिलेला असल्याने विद्यार्थी नेता जोशुआ वाँग, मुक्त निवडणुकांच्या मागणीसाठीची २०१४ची छत्री चळवळ आणि तिच्यातला रस्त्यांवरचा ७९ दिवसांचा ठिय्या यांची सविस्तर उजळणी इथे करत नाही. मात्र २०१९च्या उठावाचा नेताही जोशुआच होता, हे विधान साफ चुकीचे आहे. ९ जून २०१९ रोजी प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध (आरोपींना खटल्यासाठी चीनच्या मुख्य भूमीकडे सोपवू देणाऱ्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध) विराट मोर्चा निघाला, तेव्हा तो तुरुंगात होता. सुटला तो १७ जूनला.

छत्र्या आणि अश्रुधूर दोन्ही आंदोलनांत दिसतात, त्यामुळे त्यांवरून काही ठरवू नये.

खरा फरक नेतृत्वाचा आहे. २०१४मध्ये संघटना होत्या, ओळखीचे चेहरे होते, आणि २१ ऑक्टोबरला पाच विद्यार्थी प्रतिनिधी सरकारशी चर्चेला बसले तेव्हा ती दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली. पुढे त्या चेहऱ्यांवर खटले चालले. २०१९मध्ये नेता नसणे हे समजूनउमजून स्वीकारलेले धोरण होते: बेत टेलिग्रामवर आणि एलआयएचकेजी या चर्चास्थळावर ठरत, आणि वाटाघाटींसाठी कोणीच पुढे येत नसे.

या धोरणाची किंमत ‘इनसाइड द रेड ब्रिक वॉल’ (२०२०) हा माहितीपट जितकी स्पष्ट दाखवतो, तितकी ती मी अन्यत्र पाहिलेली नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये पॉलिटेक्निक विद्यापीठाला पोलिसांचा वेढा पडला असताना आत राहायचे, वेढा फोडायचा की शरण जायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. थकलेली मुले तासन्‌तास आपसांत वाद घालत राहतात. अल्पवयीन मुलांना बाहेर नेण्यासाठी शाळांचे मुख्याध्यापक आत येतात, तेव्हा पायऱ्यांवर काही जण पाऊल पुढे टाकतात आणि पुन्हा थबकतात, कारण मागे राहणारे त्यांचेच सोबती असतात.

एकच माहितीपट पाहायचा असेल तर मी निःसंकोच हाच सुचवेन. ‘चेहरे पुसट असल्याने कोणाशी नाते जुळत नाही’ ही त्याविषयीची तक्रार मला मुळीच मान्य नाही. दंगलीच्या आरोपाखाली १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असताना त्या मुलांचे चेहरे झाकणे दिग्दर्शकांचे कर्तव्यच होते, आणि त्यांनी स्वतःची नावेही जाहीर केलेली नाहीत.