सोनोग्राफी विभागात तंत्रज्ञ म्हणून रुजू होताय? पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रांची माहिती

रेडिओलॉजीतली पदवी किंवा पदविका हातात पडली की बहुतेक मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आम्ही सोनोग्राफी शिकलो, मग हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी करता येईल का? संस्थांच्या जाहिराती या प्रश्नाला मोघम ‘हो’ म्हणतात. ते ‘हो’ कुठपर्यंत खरं आहे, हे नोकरी धरण्याआधी कळायला हवं. एक्स-रे, सीटी किंवा एमआरआयमध्ये तंत्रज्ञ स्वतः तपासणी करतो आणि डॉक्टर अहवाल देतात. सोनोग्राफीत भारतात तसं नाही. इथे प्रोब, म्हणजे पेशंटच्या अंगावर फिरवायचा मशीनचा भाग, डॉक्टरांच्याच हातात असावा लागतो.

याचं कारण गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र (लिंगनिवडीस प्रतिबंध) कायदा, १९९४. बोलताना सगळे त्याला पीसीपीएनडीटी म्हणतात. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा त्याआधीच, १९८८ मध्ये केला होता आणि असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. तरीही राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरतच गेली. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती ८०७ होती. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवले की सोनोग्राफीच्या खोलीत इतकी कागदपत्रं का लागतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. तंत्रज्ञाच्या कौशल्यावर अविश्वास म्हणून हा नियम आलेला नाही. मशीनपर्यंत पोहोचणारे हात मोजके आणि नावानिशी माहीत असावेत, म्हणून तो आहे.

सोनोग्राफी कोण करू शकतं

गरोदर स्त्रीची सोनोग्राफी स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, इमेजिंगचं मान्यताप्राप्त वैद्यकीय शिक्षण घेतलेले सोनोलॉजिस्ट, किंवा सहा महिन्यांचं विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले एमबीबीएस डॉक्टर करू शकतात. २०१४ च्या नियमांनुसार हे प्रशिक्षण ३०० तासांचं असतं. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नाव नोंदवता येतं आणि दोन्हीकडच्या वेळा लिहून द्याव्या लागतात.

‘गरोदर बाईची नाही, पण पोटाची, थायरॉइडची सोनोग्राफी तर आम्ही करू शकतो ना?’ असंही विचारलं जातं. खोली तीच, मशीन तेच, आणि नोंदणीच्या कागदावर ते मशीन वापरण्यासाठी डॉक्टरांचीच नावं. शिवाय सोनोग्राफीत निदान होतं ते प्रोब फिरत असतानाच. नंतर साठवलेल्या चित्रांवरून अहवाल लिहून भागत नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: डॉक्टर खोलीत नसताना कुणीही सांगितलं तरी प्रोब हातात घेऊ नका. ‘तेवढं बघून घे, मी येऊन सही करतो’ हे वाक्य तुमच्या कानावर पडेल. त्याला नाही म्हणण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

मग तंत्रज्ञाचं काम काय? पुष्कळ आहे. पेशंटची ओळख पटवणं, डॉक्टरांची चिठ्ठी तपासणं, उपाशीपोटी यायचं की लघवी धरून ठेवायची हे आधीच नीट समजावणं, योग्य प्रोब आणि सेटिंग लावणं, चित्रं साठवणं, प्रत्येक तपासणीनंतर प्रोब निर्जंतुक करणं, मशीनची देखभाल, आणि सगळ्या नोंदी. स्त्री पेशंटला कपडे नीट करायला वेळ आणि आडोसा मिळतोय ना, हेसुद्धा तंत्रज्ञच पाहतो. चांगला तंत्रज्ञ असलेल्या विभागात डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि कागद चुकत नाहीत.

तुमची स्वतःची पात्रता आणि कागद

बारावी विज्ञान, आणि त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेतली रेडिओलॉजी किंवा मेडिकल इमेजिंगची पदवी अथवा पदविका, हा सरळ मार्ग. महाराष्ट्रात आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची) पदवी परिचित आहे. २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने रेडिओलॉजी व इमेजिंग तंत्रज्ञांच्या गटात सोनोग्राफरचंही नाव घेतलं आहे. पदविका किंवा पदवीसाठी किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांचं शिक्षण त्यात धरलेलं आहे. तेव्हा ‘तीन महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन’ अशा प्रमाणपत्रावर पैसे घालवू नका. सरकारी भरतीत ते चालत नाही.

राज्यात काम करताना परावैद्यक परिषदेकडची (पॅरामेडिकल कौन्सिलची) नोंदणी मागितली जाते. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी किंवा पदविका, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि फोटो एवढं सहसा पुरतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. अर्ज अडकतात ते अनेकदा नावातल्या फरकामुळेच.

हॉस्पिटलची नोंदणी कशी होते

हे काम मालकाचं किंवा व्यवस्थापनाचं असलं तरी फाइल तयार करायला तंत्रज्ञालाच बसवतात. म्हणून ते माहीत हवं. नोंदणीशिवाय सोनोग्राफी मशीन चालवता येत नाही, सरकारी रुग्णालयालाही नाही.

अर्ज नमुना ‘अ’मध्ये, दोन प्रतींत, समुचित प्राधिकाऱ्यांकडे करायचा. जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक आणि महानगरपालिका हद्दीत पालिकेचे आरोग्य अधिकारी ही जबाबदारी पाहतात. नुसत्या सोनोग्राफी केंद्रासाठी शुल्क २५,००० रुपये. अनेक सेवा एकत्र देणारं हॉस्पिटल किंवा संस्था असेल तर ३५,००० रुपये. भरलेलं शुल्क परत मिळत नाही. मात्र अर्ज नामंजूर झाला आणि ९० दिवसांत पुन्हा केला, तर नव्याने शुल्क लागत नाही.

अर्जात मालकीचा प्रकार, केंद्राचा पूर्ण पत्ता, कोणत्या तपासण्या करणार, प्रत्येक मशीनची कंपनी व मॉडेल, आणि कर्मचाऱ्यांची नावं, शिक्षण, अनुभव व नोंदणी क्रमांक द्यावे लागतात. सोबत प्रतिज्ञापत्र हवं. त्यात दोन गोष्टींची हमी असते: गर्भलिंग तपासणार नाही व कुणालाही सांगणार नाही, आणि तशी पाटी ठळकपणे लावू. याखेरीज डॉक्टरांच्या पदव्या, वैद्यकीय परिषदेचं चालू असलेलं नोंदणीपत्र, त्यांचं संमतीपत्र, जागेच्या मालकीचा किंवा भाड्याचा करार, खोलीचा नकाशा, शुश्रूषागृहाचं नोंदणीपत्र आणि मशीनचं दरपत्रक कार्यालयं मागतात. बिल नव्हे, दरपत्रक, कारण नोंदणी नसलेल्या जागेला मशीन विकणं हाच विक्रेत्याचा गुन्हा ठरतो. आधी नोंदणी, मग खरेदी.

अर्ज दिल्यावर पोच घ्याच. पुढे प्रत्यक्ष जागेची तपासणी होते, प्रकरण सल्लागार समितीपुढे जातं आणि ७० दिवसांत निर्णय कळवायचा असतो. मंजूर झाला तर नमुना ‘ब’मधलं प्रमाणपत्र मिळतं, नामंजूर झाला तर नमुना ‘क’मध्ये कारणं. प्रमाणपत्र पाच वर्षांचं. मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा, तेव्हा शुल्क निम्मं. हॉस्पिटल विकलं गेलं तर जुनं प्रमाणपत्र नव्या मालकाच्या नावावर होत नाही. ते परत करून नवा अर्ज करावा लागतो.

एफ फॉर्म

तंत्रज्ञाची खरी कसोटी इथे लागते. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी एफ फॉर्म भरायचा. त्यात केंद्राचं नाव व नोंदणी क्रमांक, स्त्रीचं नाव, वय, हयात मुलांची संख्या आणि प्रत्येकाचं वय व लिंग, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता व फोन, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं पूर्ण नाव व पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख किंवा गर्भाचे आठवडे. पुढे सोनोग्राफीचं कारण. छापील यादीत २३ कारणं आहेत आणि त्यांतलं नेमकं कोणतं, हे चिठ्ठीवरून डॉक्टरांनी ठरवायचं. तंत्रज्ञाने अंदाजाने खूण करू नये. शेवटी दोन घोषणापत्रं: गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं स्त्रीचं, आणि लिंग तपासलं नाही व सांगितलं नाही असं डॉक्टरांचं. स्त्री सही करू शकत नसेल तर अंगठा घ्या आणि तो ओळखणाऱ्याचं नाव, वय, नातं, पत्ता व सही घ्या. घोषणापत्र तिला वाचून दाखवा, नुसतं ‘इथे सही करा ताई’ म्हणून उरकू नका. तिला काय सांगून सही घेतली, हे उद्या तिलाच विचारलं जाऊ शकतं.

घाईच्या ओपीडीत पत्ता नुसता ‘बीड’, फोनचा रकाना कोरा, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं फक्त आडनाव, असे फॉर्म दिसतात. ‘कारकुनी चूक’ म्हणून हे सुटत नाही. नोंदीतली त्रुटी कायद्याच्या भंगाइतकीच धरली जाते आणि तसं नाही हे केंद्राला सिद्ध करावं लागतं. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची याचिका फेटाळताना ही तरतूद कायम ठेवली. पेशंट टेबलावर जाण्याआधीच फॉर्मचा पहिला भाग पूर्ण करण्याची सवय लावून घ्या. संध्याकाळी बसून आठवून भरलेला फॉर्म म्हणजे धोका.

महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत प्राधिकाऱ्यांकडे जायला हवा. राज्यात फॉर्म ऑनलाइनही भरावे लागतात. सहीची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी मात्र केंद्रात जपायची, किमान दोन वर्षं, आणि खटला चालू असेल तर निकाल लागेपर्यंत.

रुजू होताना आणि सोडताना

कायद्याच्या नियमांत ‘कर्मचारी’ म्हणजे पगारी नोकरच नव्हे. अर्धवेळ, कंत्राटी, मानद, कोणत्याही नात्याने तिथे काम करणारी व्यक्ती त्यात येते. कर्मचारी, जागा, पत्ता किंवा मशीन बदलणार असेल तर हॉस्पिटलने किमान ३० दिवस आधी प्राधिकाऱ्यांना कळवून प्रमाणपत्रात बदल करून घ्यायचा असतो. म्हणून मुलाखतीतच विचारा: नमुना ‘ब’ पाहता येईल का, त्याची मुदत कधीपर्यंत आहे, खोलीतल्या मशीनचं मॉडेल त्यावरच्या मॉडेलशी जुळतं का, माझं नाव कधी कळवणार. असं विचारलं म्हणून नोकरी नाकारणारं हॉस्पिटल तुम्हाला नकोच. कळवल्याच्या पत्राची पोच असलेली प्रत स्वतःच्या फाइलला लावा. नोकरी सोडतानाही तेच करा, नाहीतर तुम्ही गेल्यानंतरच्या काळातही कागदावर तुमचं नाव राहतं.

पहिल्याच दिवशी आणखी काही गोष्टी नजरेखालून घाला. गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी मराठीत आणि इंग्रजीत हवी, कायद्याची प्रत केंद्रात हवी, आणि तुमच्या कपड्यांवर नाव व पद दिसायला हवं. सही करताना खाली पूर्ण नाव व पद लिहा. नुसती झोकदार सही नियमात बसत नाही. पोर्टेबल मशीन असेल तर ते नोंदवलेल्या जागेबाहेर जाता कामा नये. ‘शेजारच्या हॉस्पिटलमध्ये एक अर्जंट पेशंट आहे, मशीन घेऊन जा’ असं सांगितलं गेलं तर ते पाळू नका.

शिक्षेचं कलम वाचून ठेवा. व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवा देणारी व्यक्ती असे शब्द त्यात स्पष्ट आहेत, म्हणजे तंत्रज्ञ आलाच. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद व १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा घडल्यास पाच वर्षं व ५०,००० पर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कुठे गैरप्रकार दिसला तर राज्याच्या ‘आमची मुलगी’ उपक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८०० २३३ ४४७५ आहे.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सोनोग्राफर स्वतः तपासणी करतात. अमेरिकेत एआरडीएमएस या सोनोग्राफरना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या दोन परीक्षा लागतात, एक अल्ट्रासाउंडच्या भौतिकशास्त्राची आणि एक निवडलेल्या शाखेची. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरला एचसीपीसी या तिथल्या नियामक परिषदेची नोंदणी लागते आणि सोनोग्राफीसाठी त्यावर वेगळं पदव्युत्तर शिक्षण घेतात. आखाती देशांत तुमची प्रमाणपत्रं डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत, ती देणाऱ्या संस्थेकडूनच थेट पडताळली जातात.

या सगळ्यांसाठी अनुभवाचं पत्र लागतं, आणि तिथे घाई करू नका. ‘स्वतंत्रपणे प्रसूतीविषयक सोनोग्राफी केल्या’ असं पत्र इथल्या हॉस्पिटलकडून लिहून आणणारे काहीजण असतात. परदेशात ते उपयोगी पडेल न पडेल, पण इथल्या कायद्यापुढे ती तुमच्या आणि डॉक्टरांच्याही विरुद्ध लेखी कबुली आहे. पत्रात जे काम केलं तेच लिहून घ्या: डॉक्टरांना सहाय्य, मशीनची हाताळणी, चित्रांची साठवण, नोंदी, संसर्ग नियंत्रण. प्रोब धरण्याचा अनुभव त्या देशातल्या अभ्यासक्रमात, त्यांच्या देखरेखीखाली मिळवावा लागेल. जाण्याचा खर्च आणि वेळ ठरवताना तो काळ धरूनच हिशेब करा.