झटपट स्वयंपाकासाठी पाककृतींचा ऑनलाइन शोध

कामाच्या दिवशी रात्रीचे जेवण अर्ध्या-पाऊण तासात तयार व्हावे आणि तरीही चविष्ट लागावे, यासाठी संकेतस्थळे, व्हिडिओ, समाजमाध्यमे व मोबाइल अ‍ॅप यांवर पाककृती शोधण्याची, त्या पारखण्याची आणि हाताशी असलेल्या सामानाप्रमाणे बदलून घेण्याची रीत. यातले शोधणे सर्वांत सोपे. एक शब्द टाकला की शेकडो पाककृती समोर येतात. कसब लागते ते निवडताना: लिहिलेली वेळ कितपत खरी, चव नेमकी कशातून येणार आणि कोणता घटक गाळला तरी चालेल, हे चूल पेटवण्याआधी नुसते वाचून ओळखता यावे लागते.

इतिहास : छापील पाककृतींचा साठा इंटरनेटवर आणणाऱ्या पहिल्या मोठ्या संकेतस्थळांपैकी एपिक्युरियस हे १९९५ मध्ये सुरू झाले. ‘गूर्मे’ आणि ‘बॉन अपेती’ या मासिकांच्या पाककृती त्यावर होत्या. म्हणजे संपादकांच्या हाताखालून गेलेल्या. १९९७ मध्ये सिएटल येथे सुरू झालेल्या आणि पुढे ऑलरेसिपीज या नावाने प्रसिद्ध झालेल्या संकेतस्थळाने उलटी वाट धरली. तेथे घरोघरी स्वयंपाक करणारेच आपल्या पाककृती देत आणि इतर वापरणारे त्यांना तारे देत. हा फरक आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या प्रकारात पाककृती सहसा एकापेक्षा जास्त वेळा करून पाहिलेली असते, पण सामान बरेचदा भारी असते. दुसऱ्या प्रकारात सामान घरातलेच असते, मात्र प्रमाणाची हमी कोणी देत नाही.

२००५ मध्ये यूट्यूब आले आणि लिहिलेल्या कृतीला पाहण्याची जोड मिळाली. २०१५ मध्ये बझफीड या अमेरिकी संकेतस्थळाने ‘टेस्टी’ हा पाककृतींच्या व्हिडिओंचा उपक्रम सुरू केला. वरून धरलेला कॅमेरा, चौकटीत फक्त दोन हात आणि एक-दोन मिनिटांत संपणारा पदार्थ ही धाटणी त्यातून जगभर रूढ झाली. पण रोजच्या स्वयंपाकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा बदल पडद्यामागे २०११ मध्ये झाला होता. त्या वर्षी फेब्रुवारीत गूगलने पाककृतींचे निकाल घटक आणि वेळ यांवरून गाळण्याची सोय दिली. जूनमध्ये गूगल, बिंग आणि याहू या शोधयंत्रांनी मिळून पानांवरील माहितीसाठी समाईक खुणा ठरवल्या. पाककृतीसाठी त्यात पूर्वतयारीची वेळ, शिजण्याची वेळ आणि एकूण वेळ असे वेगळे रकाने आहेत. अर्धा तास लिहायचा तर तेथे ‘पीटी३०एम’ असा संकेत भरावा लागतो. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो.

वेळेचा प्रश्न : वेळ हा असा गाळणीचा रकाना झाला की तो कमी भरण्याचा मोह होणारच. तीस मिनिटांची चाळण लावली की पस्तीस मिनिटांची प्रामाणिक पाककृती बाहेर पडते आणि चाळीस मिनिटे खाणारी, पण पंचवीस लिहिलेली पाककृती आत राहते. यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही. सराईत हाताला दोन कांदे चिरायला दोन मिनिटे लागतात, सवय नसलेल्याला आठ. शिवाय पाककृती लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीतच वेळ लपवायला जागा आहे. साहित्याच्या यादीत ‘कांदे २, बारीक चिरून, लसूण ६ पाकळ्या, ठेचून, टोमॅटो ३, साल काढून’ असे लिहिले की ती सगळी कामे घड्याळाबाहेर जातात. कृती सुरू होते तेव्हा सगळे वाट्यांमध्ये तयार आहे असे धरलेले असते. ते कोणी केले, हे पाककृती सांगत नाही. ओव्हन तापायला लागणारी दहा-पंधरा मिनिटे आणि मोठ्या पातेल्यातले पाणी उकळायला लागणारा वेळही बहुतेक ठिकाणी मोजलेला नसतो.

कांद्याचे उदाहरण तर गाजलेले आहे. कांदा मंद आचेवर परतून गोडसर, गडद तपकिरी करायला पाच-दहा मिनिटे पुरतात, असे असंख्य पाककृतींमध्ये लिहिलेले असते. २०१२ मध्ये टॉम स्कोका या अमेरिकी पत्रकाराने ‘स्लेट’ या नियतकालिकात प्रत्यक्ष वेळ लावून हा दावा खोडला: आच मोठी ठेवून सतत हलवत राहिले तरी अठ्ठावीस मिनिटे, एरवी पाऊण तास. गंमत पुढे आहे. हीच शंका गूगलला विचारली असता २०१७ मध्ये वरच्या चौकटीत ‘पाच मिनिटे’ असे उत्तर येत होते आणि ते त्याच लेखातून उचललेले होते. खोडण्यासाठी उद्धृत केलेले वाक्य यंत्राने उत्तर म्हणून दिले होते.

त्यामुळे वरची वेळ बाजूला ठेवून पाककृतीतली क्रियापदे मोजणे हा जास्त भरवशाचा मार्ग. चिरा, किसा, सोला, गाळा, वाटा असे शब्द जितके जास्त, तितका वेळ जास्त. घटकांची संख्या कमी असली तरीही. मुरवा, भिजवा, गार होऊ द्या, रात्रभर ठेवा यांपैकी एखादा शब्द मधल्याच ओळीत दडलेला नाही ना, हे आधी पाहावे. भांडी किती लागतील हेही मोजावे, कारण घासण्याचा वेळ कोणत्याच रकान्यात नसतो.

झटपट चवीचे मूळ : कमी वेळात चव आणण्याचे मार्ग थोडेच आहेत आणि ते ओळखता आले की पाककृती वाचतानाच तिचा अंदाज येतो. पहिला मार्ग खरपूसपणाचा. प्रथिने आणि शर्करा यांच्यातील ज्या अभिक्रियेमुळे भाजलेल्या पदार्थाला रंग व वास येतो, तिचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर झपाट्याने होते. ओल्या पदार्थाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो, म्हणून तुकडे टिपून कोरडे करा, तवा आधी तापवा, एकावेळी गर्दी करू नका अशा सूचना ज्या पाककृतीत असतील ती लिहिणाऱ्याने स्वतः शिजवलेली असण्याची शक्यता बरीच. ‘सगळे एकत्र घालून परता’ असे सांगणाऱ्या पाककृतीतून भाज्या उकडलेल्या निघतात.

दुसरा मार्ग म्हणजे आधीच कोणीतरी वेळ खर्च करून ठेवलेले घटक. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट हा घटक वेगळा केला आणि त्याच्या भरीव, रुचकर चवीला उमामी म्हटले. सोया सॉस, मुरलेले चीज, आटवलेला टोमॅटो, सुकवलेले अळिंबे यांत ती भरपूर असते. आंबवण्यात, मुरवण्यात, सुकवण्यात गेलेले दिवस-महिने चमचाभर पदार्थातून भांड्यात उतरतात. तिसरा मार्ग शेवटच्या मिनिटाचा: लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, ताजी पाने, काहीतरी कुरकुरीत. यांपैकी किमान दोन मार्ग ज्या झटपट पाककृतीत नाहीत, ती झटपट होईल, पण चवीचे सांगता येत नाही. मिठाची तर सवलतच नाही. ते टप्प्याटप्प्याने घालावे लागते.

शोधण्याची पद्धत : पदार्थाच्या नावाने शोधले तर बाजारहाट करावी लागते, फ्रिजमध्ये जे संपवायचे आहे त्याच्या नावाने शोधले तर बहुधा लागत नाही. घटकाच्या जोडीला पद्धत टाकली, उदाहरणार्थ ‘कोबी, मोठ्या आचेवर’ किंवा ‘अंडी, एकाच भांड्यात’, तर निकाल बरेच नेमके येतात. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावले की तो शब्द असलेली पाने गळतात. एकाच पदार्थाच्या तीन पाककृती शेजारी ठेवून वाचणे सर्वांत उपयोगाचे. तिन्हींत सारखे असते तो पदार्थाचा सांगाडा. जे एकीतच आहे ते लिहिणाऱ्याची आवड. पुढच्या वेळी तोच सांगाडा वेगळ्या भाजीवर चालतो आणि शोधायची गरजही उरत नाही. ताऱ्यांपेक्षा अभिप्राय वाचावेत, त्यातही तीन तारे देणाऱ्यांचे. ‘पाणी फार झाले’, ‘दुप्पट वेळ लागला’ अशी कामाची माहिती तेथेच मिळते. निम्मे घटक बदलून वर पदार्थ बिघडल्याची तक्रार करणारेही भेटतात, त्यांना सोडून द्यावे.

मापे : अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २०० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २०. खरा धोका मिठात असतो. लहान चमचाभर बारीक मीठ सहा ग्रॅमच्या आसपास भरते, तर पापुद्र्यासारखे जाड मीठ त्याच्या निम्मे. म्हणून पाककृती कुठली आहे हे पाहणे आणि वजनात माप देणारीला पसंती देणे बरे.

व्हिडिओ : रश्श्याचा दाटपणा, बुडबुड्यांचा आकार, ‘सोनेरी’ म्हणजे नेमका कोणता रंग हे व्हिडिओइतके शब्दांतून कळत नाही. वेळ मात्र कापलेली असते. आवाज चालू ठेवून पाहावे; तडतडणे थांबले की ओलावा संपला, ही खूण ऐकूनच कळते. संगीत लावून आवाज झाकलेल्या व्हिडिओत तीही जाते.

यंत्राने रचलेल्या पाककृती आणि सुरक्षितता : २०२३ मध्ये न्यूझीलंडमधील एका सुपरमार्केट साखळीच्या पाककृती सुचवणाऱ्या यंत्रणेला वापरणाऱ्यांनी मुद्दाम घरसफाईची रसायने घटक म्हणून दिली, तेव्हा तिने विषारी वायू तयार होईल असे पेय सुचवले. २०२४ मध्ये गूगलच्या स्वयंचलित उत्तराने पिझ्झावर चीज चिकटून राहावे म्हणून सॉसमध्ये कागद चिकटवायचा गोंद घालण्याचा सल्ला दिला. मूळ मजकूर कोणीतरी थट्टेत लिहिलेला होता. असले प्रकार निदान चटकन ओळखू येतात. वाचताना ठीक वाटणाऱ्या चुका अधिक घातक. कोंबडीचे मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे, कृतीत मिनिटे काहीही लिहिलेली असोत. कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात घालून बाटली बाहेर ठेवली, तर हवाबंद तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. ती फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावी लागते. कोरडा लाल राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळल्याशिवाय त्यातले लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्ट होत नाही. मंद आचेवर हळूहळू शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकणे म्हणूनच धोक्याचे. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असल्याने त्याला ही अडचण येत नाही.